म्हातारी बाई गुप्तहेर असलेल्या हलक्याफुलक्या कादंबऱ्या कोणत्या, आणि असं खरंच घडू शकतं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: डोरोथी गिलमन या अमेरिकन लेखिकेची मिसेस पॉलिफॅक्स मालिका. दुसऱ्याचं उत्तर: हो, घडू शकतं, माझ्या सासरी घडलंय. तुम्ही लिहिलंय की आई रिटायर झाली, तिला रक्तपात नको, गंमत पाहिजे, आणि तुमचे मित्र म्हणतात म्हातारी हेर म्हणजे पोरखेळ. हे पोरखेळवालं वाक्य मी आमच्या घरात इतकी वर्षं ऐकलंय की उत्तर लांबणार आहे.

आधी एक सांगते, बरेच लोक तुम्हाला अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल वाचा म्हणतील. चांगलीच आहे ती, १९३० पासून कादंबऱ्यांत आहे, पण ती हेर नाही. ती खून कोणी केला ते शोधते. हेराचं काम वेगळं, खोटं नाव खोटा चेहरा घेऊन दुसऱ्याच्या मुलखात जाऊन बसायचं, पाहायचं, ऐकायचं आणि जिवंत परत यायचं. ते पॉलिफॅक्सबाई करते.

पहिलं पुस्तक १९६६ चं, शेवटचं २०००चं, एकूण १४. न्यू जर्सीत राहणारी साठी ओलांडलेली विधवा, पोरं मोठी होऊन आपापल्या संसारात, बाईकडे गार्डन क्लब आहे, दवाखान्यातली समाजसेवा आहे, गच्चीवरच्या जिरॅनियमच्या कुंड्या आहेत आणि तरी जगण्यात काही राम उरला नाही. एक दिवस त्या गच्चीच्या कडेशी उभी असताना तिच्या मनात पुढं पाऊल टाकायचा विचार येऊन जातो. ती हे डॉक्टरला सांगते, डॉक्टर विचारतो की आयुष्यात करायचं राहून गेलेलं काही आहे का, आणि तिला आठवतं की लहानपणी गुप्तहेर व्हायचं होतं. मग ती थेट सीआयएच्या, म्हणजे अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याच्या ऑफिसात जाऊन म्हणते, मला काम द्या. तिथल्या साहेबाला नेमका साध्या टुरिस्टासारखा दिसणारा माणूस पाहिजे असतो, थोड्या गैरसमजुतीनं तिची निवड होते आणि ती मेक्सिको सिटीला जाते. काम एवढंच की पुस्तकाच्या दुकानातून एक वस्तू आणायची. ते बिघडतं आणि बाई जाऊन पडते अल्बानियाच्या कैदेत. तेव्हाचा अल्बानिया म्हणजे हुकूमशहा एन्व्हर होजाचा, जगाला दार लावून चीनच्या गोटात बसलेला, तिथून सोडवायला कोणीच येऊ शकत नव्हतं. तिथं ती बसून पत्त्यांचा पेशन्स खेळते. पुढचं सांगत नाही, आईचा मजा जाईल.

आता ज्याला लोक हलकं म्हणतात त्याची सुरुवात अशी आहे. गच्चीची कडा. मी हा भाग सासूबाईंना वाचून दाखवला तेव्हा त्या तूर निवडत होत्या, हात थांबला, आणि म्हणाल्या, "तिले कोनी काम सांगत नसन ना वो." बस एवढंच. मामंजी गेल्यावर आणि गुडघे धरल्यावर सगळ्यांनी प्रेमानंच त्यांना सांगितलं होतं की आता वावरात यायचं नाही, आरामात बसून राहा. ज्या बाईनं जन्मभर वेचणी केली तिला बसून राहा म्हणणं म्हणजे काय, हे त्या अमेरिकन लेखिकेला कळलं, आमच्या घरात नाही कळलं.

पुस्तक मला नंतर मिळालं, नागपूरच्या सीताबर्डीला जुन्या पुस्तकांत. मी इंग्रजी शिकवते म्हणून घेतलं, रात्री मराठीत सांगत सांगत वाचलं. आमच्या गावातली गोष्ट त्याच्या बरीच आधीची आहे, त्यामुळे पुस्तकातून सुचलं असं कोणी म्हणू नये.

ज्यांना कापसाचं माहीत आहे त्यांना खेडा खरेदी सांगायची गरज नाही. १९७२ साली सुरू झालेली सरकारची एकाधिकार खरेदी, म्हणजे कापूस फक्त सरकारलाच विकायचा, ती मोडीत निघाल्यावर खाजगी व्यापारी गावोगाव गाड्या घेऊन फिरायला लागले, आमच्याकडेही एक येत होता. पारापाशी गाडी लागायची, प्लेटचा इलेक्ट्रॉनिक काटा मांडला जायचा, मापारी उभा. भाव रोखीचा, कास्तकाराला पैशाची नड, कोण घासाघीस करते. पण वजन भरत नव्हतं. बाया वावरात रोज संध्याकाळी मजुरीसाठी कापूस मोजून घेतात त्यामुळे कोणत्या गाठोड्यात किती आहे हे घरात माहीत असते, आणि पारावर गेलं की तेच गाठोडं हलकं. विचारलं तर व्यापारी म्हणे ओल सुकली. पुरुषांनी दोनदा जाऊन काट्यावर पाहिलं, आकडे बरोबर. मग गप्प.

सासूबाई त्या दिवसांत पारावर उन्हाला बसायला लागल्या. चंची काढायची, सुपारी कातरायची, काठी बाजूला. व्यापाऱ्यानं पहिल्या दिवशी विचारलं, काय आजी, तर यांनी कानाला हात लावून मान हलवली. बहिऱ्या अजिबात नव्हत्या, आमच्या घरात मागच्या अंगणातलं कुजबुजलेलं त्यांना समोरच्या ओट्यावर ऐकू यायचं. पण एकदा बहिरी ठरली की त्या माणसांनी त्यांच्यासमोर काय काय बोलावं! कोणाच्या घरी लग्न आहे, कोण कर्जात आहे, कोणाले किती लावायचं, सगळं. सरपंचाच्या कापसाला हात लावायचा नाही. गुरुवारी बाजाराचा दिवस, गडी माणसं तालुक्याला जातात, गावात बाया आणि म्हातारे, त्या दिवशी वजन मारायला हात सैल सोडायचा. हे सगळं त्या रोज रात्री मला सांगत होत्या, मी वहीत लिहीत होते. त्यांना लिहिता येत नव्हतं पण तारीख, वार, कोणाचं गाठोडं, एक गोष्ट सुटत नव्हती.

पण चोरी होते कशी? ते कळलं नसतं जर त्या उभ्या असत्या. सगळे उभे राहून आकड्याकडे पाहत, त्या एकट्या खाली जमिनीवर बसलेल्या. गाठोडं प्लेटच्या बाहेर लोंबते, त्याच्या आड मापाऱ्याचा पाय, आणि बुटाचं टोक प्लेटच्या काठाखाली घालून तो हळूच उचलून धरायचा. मणामागं तीन-चार किलो गायब. उभ्या माणसाला हे दिसूच शकत नाही.

तेव्हाच ओरडल्या असत्या तर मापाऱ्यानं पाय काढला असता आणि म्हातारीले दिसत नाही म्हणून विषय संपला असता. त्या काही बोलल्या नाहीत. घरी येऊन दोन पोट्ट्यांना बोलावलं, सांगितलं गुरुवारी बाजाराले जाऊ नका, रेशन दुकानातलं शिक्क्याचं वीस किलोचं वजन मागून ठेवा आणि मी काठी वाजवल्याशिवाय पुढं येऊ नका. गुरुवारी आमचंच गाठोडं काट्यावर चढलं. आकडा आला छत्तीस. बुढीनं काठीचं टोक मापाऱ्याच्या पायावर दाबून धरलं आणि म्हणाली, "पाय काढ रे बाप्पा." आकडा चाळीस. व्यापारी लगेच म्हणे मशीन गरम झाली, कधी कधी हालते. तेवढ्यात पोट्ट्यांनी शिक्क्याचं वजन आणून ठेवलं, बरोबर वीस. मशीन ठीक होती, आता बोलायला काही राहिलं नाही. बाया जमल्या, नंतर बाजारातून गडी परतले, माझी वही निघाली, आणि रात्री उशिरापर्यंत बसून त्या हंगामातला फरक त्यानं मोजून दिला. सगळ्यांचा पूर्ण नाही, पण दिला. परत तो गावात आला नाही.

आता मला सांगा यात आणि पॉलिफॅक्सबाईत फरक काय? तिसऱ्या पुस्तकात ती बल्गेरियात खोटे पासपोर्ट टोपीत लपवून नेते, कारण म्हातारीच्या टोपीकडे कोण पाहते. हे लेखिकेच्या मनचं नाही. व्हर्जिनिया हॉल नावाची खरी हेर होती, अमेरिकन, एक पाय लाकडाचा. नाझी तिच्या मागावर होते, एकदा फ्रान्समधून निसटली होती आणि १९४४ मध्ये परत तिथं गेली तेव्हा चाळिशीही गाठलेली नव्हती, पण वेष कोणता घेतला? म्हाताऱ्या शेतकरणीचा. केस पांढरे केले, एकावर एक घागरे चढवले, पाय ओढत चालायची म्हणजे लंगडणं लपते, शेळ्या राखायची, आणि जर्मन फौज कुठं चालली ते पाहून वायरलेसवर कळवायची. ज्या बाईला पकडायला एवढी फौज टपलेली, तिनं जीव वाचवायला म्हातारपण पांघरलं. याहून मोठा पुरावा कोणता पाहिजे? आणि १९९९ मध्ये लंडनकडची मेलिटा नॉरवूड उघडी पडली तेव्हा ८७ वर्षांची होती, कितीतरी वर्षं सोव्हिएत रशियाला ब्रिटनची अणुगुपितं देत होती. तिनं केलं ते वाईटच, पण साध्या बाईवर संशय जात नाही हे तर दिसते.

माझे धाकटे दीर हेडमास्तर होते, वाचणारे माणूस, त्यांनी हे पुस्तक माझ्या हातात पाहून म्हटलं होतं, "वहिनी, हे काय पोरकट. हेर म्हटलं की तडफदार माणूस पाहिजे, बुढी काय करन." सासूबाई तिथंच बसल्या होत्या. त्यांचीच आई! आणि गावात काट्याची गोष्ट निघाली की ते अजून असंच सांगतात की पोट्ट्यांनी वजन आणून व्यापाऱ्याला पकडलं. माणूस वाईट नाही, मामंजींनंतर सगळं घर त्यांनी ओढलं, पण हे चूक आहे आणि मी त्यांच्या तोंडावर म्हटलेलं आहे. ज्याला हेर म्हणजे बंदूक आणि उडी वाटते त्याला हेरगिरी कळलीच नाही. बहिर्जी नाईकांचं नाव घेतो आपण, ते काय तलवार फिरवून मोठे झाले? वेष पालटून बातमी आणली म्हणून झाले.

आईसाठी म्हणाल तर पहिल्यापासून क्रमानं घ्या. पहिलं सोडून मधलंच उचललं तर बाई आधीच हुशार दिसते आणि ती घडते कशी ते हुकतं, पुढं तर ती कराटे पण शिकते. दुसरं तुर्कस्तानात, तिसरं बल्गेरियात, चौथं स्वित्झर्लंडमध्ये, मग आफ्रिकेत सफारीवर. पहिली पाच भारी आहेत, नंतरची वाचली तरी चालते. सिनेमे निघालेत, १९७१ मध्ये रोझलिंड रसेलचा आणि १९९९ मध्ये अँजेला लान्सबरीचा टीव्हीवर, पण आधी पुस्तक.

हे सांगायचं राहिलं, पुस्तकांत योगायोग फार आहेत, ऐन वेळी कोणी ना कोणी भला माणूस भेटतोच. शीतयुद्धाच्या काळातली आहेत त्यामुळे कम्युनिस्ट देशांतले अधिकारी बहुतेक एकाच साच्यातले, आणि सीआयए जेवढी सज्जन दाखवली तेवढी खरी नव्हती. रक्त अजिबात नाही असंही नाही, माणसं मरतात, फक्त त्याचं वर्णन चघळत बसत नाहीत. इंग्रजी सोपी आहे. आईला इंग्रजी जड जात असेल तर तुम्ही वाचून सांगा, रोज एक प्रकरण, आणि देताना टाइमपास म्हणून देऊ नका.

आणि भाऊजी, तुम्ही इथं वाचता हे मला माहीत आहे. वजन पोट्ट्यांनी आणलं, कबूल. पण गुरुवारीच आणा, हे त्यांना कोणी सांगितलं होतं?