विचारा तर खरं : रविवारी नेमका तोच बाकावर का?

गेल्या वेळी बेसबॉलवर चार ओळी लिहिल्या आणि म्हटलं कोण वाचणार, आपल्याकडे क्रिकेटशिवाय पान हलत नाही. तर पत्रांचा ढीगच आला, आणि गंमत म्हणजे निम्म्या पत्रांत एकच तक्रार, चांगला खेळणारा माणूस धडधाकट असून बसवतात कशाला. म्हणून यावेळी सगळं पान त्यालाच.

प्रश्न : आम्ही शिकागोजवळ नेपरव्हिलला राहतो. मुलगा नऊ वर्षांचा, एका कॅचरचा (बॅटरच्या मागे बसून बॉल घेणारा, आपला विकेटकीपर म्हणा) जबरदस्त फॅन. त्याच्या वाढदिवसाला रविवारी दुपारच्या मॅचची चार तिकिटं काढली, पार्किंग वेगळं, जर्सी वेगळी, हॉट डॉग वेगळे, खिसा पार रिकामा. आत जाऊन बघतो तर साहेब डगआउटच्या (मैदानाकडेच्या टीमच्या बाकाच्या) कठड्याला टेकून सूर्यफुलाच्या बिया चघळतायत, नऊच्या नऊ इनिंग! दुखापत वगैरे काही नाही, शेजारचा माणूस म्हणाला आज त्याला सुट्टी आहे. ही फसवणूक नाही का? आणि बेसबॉलमध्ये अर्धा वेळ नुसतं उभंच तर राहायचं असतं, दमायला काय होतं? (पत्राखाली मुलाने पेन्सिलने एक प्रश्न लिहिलाय, त्याचं उत्तर शेवटी देतो.)

उत्तर : तुमच्या जागी मी असतो तर मीही चरफडलो असतो, वाढदिवस म्हटल्यावर तर जास्तच. पण फसवणूक नाही म्हणणार, कारण तुम्ही निवडलेला दिवसच चुकला. शनिवारी रात्री मॅच होती का बघा, बहुतेक असणारच. रात्री सातची मॅच दहाच्या आसपास संपते, मग बर्फ लावा, आंघोळ, जेवण, घरी जाऊन पाठ टेकेपर्यंत बारा-एक वाजतात आणि रविवारी दुपारी एकच्या मॅचसाठी सकाळीच परत मैदानावर. अशा दुपारी कॅचर बदलायचा हे तिकडे जवळजवळ ठरलेलंच असतं, जुने प्रेक्षक त्यात धरूनच चालतात.

आणि उभं राहण्याचं म्हणाल तर कॅचर कुठे उभा असतो हो? एका मॅचमध्ये एका टीमचे पिचर, म्हणजे बॉल टाकणारे, मिळून दीडशेच्या आसपास बॉल टाकतात आणि तो प्रत्येक बॉल ह्या माणसाला उकिडवं बसून घ्यायचाय. तुम्ही घरी दीडशे उठाबशा काढून बघा, मग जिना उतरून दाखवा. त्यात बॅटची कड लागलेले बॉल मास्कवर, खांद्यावर, मांडीच्या आतल्या बाजूला बसतात ते वेगळेच. हे १६२ मॅचेस, साधारण १८७ दिवसांत. बाकीचे खेळाडूही काही आरामात नसतात, पण त्यांचं दमणं वेगळं, पाय जड होतात आणि बॅट किंचित उशिरा येते, ताशी दीडशे किलोमीटरच्या बॉलला तेवढा उशीर पुरतो. बाहेरून काही दिसत नाही, फक्त गेल्या महिन्यात भिंतीपलीकडे जाणारा बॉल आता भिंतीच्या अलीकडे झेलला जातो.

तुम्ही शिकागोकडचेच म्हणून तुमच्याच गावातली गोष्ट सांगतो, शिकागोच्या कब्स टीमच्या कुठल्याही म्हाताऱ्या फॅनला १९६९ म्हणा आणि तोंड बघा. मॅनेजर (तिकडे टीम निवडणारा मुख्य कोच) लिओ ड्युरोशर, कडक माणूस, चांगले आठ सापडलेत ना मग तेच रोज खेळणार असा त्याचा खाक्या. रँडी हंडलीने आदल्या वर्षी १६० मॅचेसमध्ये कॅचर म्हणून खेळून विक्रम केला होता, ६९ मध्ये परत १५१. बिली विल्यम्स १६३ (एक मॅच बरोबरीत सुटली म्हणून १६२ च्या वर), रॉन सँटो १६०, डॉन केसिंजर १५८ आणि ३८ वर्षांचा अर्नी बँक्स १५५! शिवाय त्यांच्या रिग्ली मैदानाला तेव्हा दिवे नव्हते, ते आले १९८८ ला, म्हणजे घरच्या सगळ्या मॅचेस भर उन्हात. ऑगस्टच्या मध्याला न्यूयॉर्कचे मेट्स दहा मॅचेसनी मागे होते, तेही तिसऱ्या नंबरवर. मग सप्टेंबरमध्ये कब्स लागोपाठ आठ हरले, १० सप्टेंबरला पहिला नंबर गेला आणि शेवटी मेट्स आठ मॅचेसनी पुढे.

आता सगळा दोष दमण्यावर टाकायचा नाही, कारण मेट्सनी शेवटच्या ४९ पैकी ३८ जिंकल्या, त्यांच्याकडे टॉम सीव्हर आणि जेरी कूझमन हे पिचर होते, समोरचा असा सुटला की ताजेतवाने असतानाही तुम्ही हरू शकता. पण मेट्सचा मॅनेजर गिल हॉजेस काय करत होता ते बघण्यासारखं आहे. त्याने चार जागांवर जोड्याच लावल्या होत्या. समोर उजव्या हाताचा पिचर असला की क्रेनपूल, बॉसवेल, गॅरेट, शॅम्स्की हे डावखुरे, आणि डावखुरा पिचर आला की क्लेंडेनन, वाइस, चार्ल्स, स्वोबोडा. (उलट्या हाताच्या पिचरचा बॉल बॅटरला लवकर दिसतो, साधा हिशोब.) म्हणजे अर्धी टीम आळीपाळीने आराम करत होती आणि तरी कुणाच्या अंगावर गंज चढत नव्हता.

ह्यातला अल वाइस मला फार आवडतो. चणीने किरकोळ, बॅटिंग यथातथा, त्या सीझनला सरासरी .२१५ (पाचांत जेमतेम एकदा हिट) आणि होम रन, म्हणजे भिंतीपलीकडे मारलेले बॉल, फक्त दोन, ते दोन्ही जुलैमध्ये लागोपाठच्या दिवशी तुमच्या रिग्लीत! वर्ल्ड सिरीजमध्ये (सीझनच्या फायनलमध्ये) बाल्टिमोरकडे दोन डावखुरे पिचर म्हणून हा खेळला, .४५५ ने खेळला, आणि पाचव्या मॅचमध्ये सातव्या इनिंगला होम रन मारून ३-३ अशी बरोबरी केली. मेट्सच्या घरच्या मैदानावरचा तो त्याचा पहिलाच होम रन. आणि सिरीजचा सर्वोत्तम खेळाडू कोण, तर क्लेंडेनन. तोही जोडीतलाच.

प्रश्न : मी कॉलेजात असताना सॉफ्टबॉल खेळायचे (नाशिक). आमच्यात सुरुवातीला खेळणारीला बाहेर काढलं तरी एकदा परत आत घेता यायचं. बेसबॉलमध्येही तसंच का? आणि चार-चार दिवस बसून राहिलेला माणूस एकदम जाऊन बॅटिंग कशी करतो?

उत्तर : नाही ताई, इथेच तर सगळी मेख आहे. बेसबॉलमध्ये एकदा बाहेर गेला की त्या दिवसापुरता विषय संपला. त्यामुळे मॅनेजर बदली खेळाडू कंजूष माणसाने सुट्टे पैसे काढावेत तसा काढतो. आता टीममध्ये २६ जण, त्यात पिचर जास्तीत जास्त १३. उरले तेरा, नऊ खेळतायत, म्हणजे बाकावर चौघेच, आणि त्यातला एक दुसरा कॅचर. त्याला हात लावायला मॅनेजर घाबरतो, कारण तो वापरला आणि नंतर आत असलेल्या कॅचरच्या बोटावर बॉल बसला तर मास्क कुणाला घालणार? सप्टेंबरमध्ये २८ जण चालतात तेव्हा जरा श्वास मिळतो.

तयारीचं म्हणाल तर जो बसलाय तो खरं म्हणजे बसलेला नसतोच. चौथ्या-पाचव्या इनिंगपासून स्टँडखालच्या जाळीत जाऊन बॅट फिरवत असतो, आता समोरचा कुठला पिचर येईल, तो आला तर आपल्याला बोलावतील का, हा हिशोब डोक्यात चालूच. तरीही थंड अंगाने जाऊन चार बॉलांत निकाल लावायचा हे अवघडच, रोज खेळणारे चांगले चांगले बॅटरसुद्धा पिंच हिटर (आयत्या वेळी दुसऱ्याच्या जागी बॅटिंगला पाठवलेला) म्हणून नेहमीपेक्षा कमी पडतात. लेनी हॅरिसने असे २१२ हिट मारलेत, विक्रम आहे तो, पण त्याला अठरा सीझन लागले. मला विचाराल तर बेंचवरच्या माणसाला अधूनमधून पूर्ण मॅच दिली पाहिजे ती ह्याचसाठी, स्टारला आराम हा त्यातला अर्धाच फायदा. २०२५ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये लॉस एंजेलिसच्या डॉजर्सनी मिगेल रोहासला सहाव्या मॅचला आत घेतलं, बॅटिंगसाठी कुणी त्याच्याकडे बघतही नव्हतं, आणि सातव्या मॅचच्या नवव्या इनिंगला टोरंटोमध्ये त्यानेच बरोबरीचा होम रन ठोकला.

प्रश्न : मग बाल्टिमोरच्या कॅल रिपकनचं काय? २,६३२ मॅचेस सलग खेळला. त्याला नाही लागला आराम? आजकालचे नाजूक झालेत असं स्पष्ट लिहा की. (ठाणे)

उत्तर : लिहिलं असतं काका, पण पटत नाही. रिपकन अफाट माणूस, ३० मे १९८२ पासून १९ सप्टेंबर १९९८ पर्यंत एकही मॅच चुकवली नाही, १९९५ ला लू गेरिगचा २,१३० चा विक्रम मोडला. पण अपवाद बघून टीम चालवता येत नाही. आणि एक गोष्ट लोक विसरतात, सुरुवातीला तो नुसत्या मॅचेसच नाही, प्रत्येक मॅचची प्रत्येक इनिंग खेळत होता, अशा ८,२४३ इनिंग्ज! ती साखळी कुणी तोडली माहितीये? बापाने. १९८७ मध्ये वडील कॅल सीनियरच मॅनेजर होते, टोरंटोविरुद्ध टीम १८-३ अशी मार खात होती, आठव्या इनिंगला त्यांनी पोराला सांगितलं बस आता. दुसरा कुणी मॅनेजर असता तर त्याची हिंमत झाली नसती असं मला आपलं वाटतं.

खरी अडचण अशी की विक्रम मोठा झाला की मॅनेजरच्या हातात काही राहत नाही, पोरगा आउट ऑफ फॉर्म असला तरी बसवायचं कुणी? शेवटी रिपकनने स्वतःच सांगितलं, आज मी नाही. रायन मायनर नावाचा नवखा तिसऱ्या बेसवर गेला, पहिला माणूस आउट झाल्यावर समोरच्या न्यूयॉर्क यँकीजचे खेळाडू डगआउटच्या पायरीवर येऊन टाळ्या वाजवत उभे राहिले. जपानमध्ये साचिओ किनुगासा, हिरोशिमा कार्पचा, २,२१५ सलग. १९७९ ला बॉल लागून खांद्याचं हाड मोडलं आणि दुसऱ्या दिवशी हा पिंच हिटर म्हणून हजर, तीन बॉल, तीनदा जोरात बॅट फिरवली, आउट. धन्य आहे, पण माझ्या पोराला मी खेळू दिलं नसतं.

बसण्याची भीती तिकडे जुनी आहे, तिचं नाव वॉली पिप. यँकीजचा फर्स्ट बेसमन (पहिल्या बेसवरचा फिल्डर), १९२५ च्या जूनमध्ये डोकं दुखतं म्हणून एक दिवस बसला, गेरिग आत आला आणि पुढे चौदा वर्षं हललाच नाही, असं सगळे सांगतात. ह्यातली डोकेदुखी बहुतेक खोटी. पिपची बॅट चालत नव्हती, टीम हरत होती, मॅनेजर मिलर हगिन्सने त्या दिवशी आणखीही बदल केले होते. डोक्याला बॉल लागून तो हॉस्पिटलात गेला ते नंतर महिन्याभराने, आणि दोन गोष्टींची एक झाली. पण खेळाडूंच्या मनात ती अशी बसलीय की विश्रांती घे म्हटलं तर अजून दचकतात.

आणि नाजूक म्हणाल तर अटलांटाचा मॅट ओल्सन बघा, २०२२ पासून २०२५ पर्यंत चारही वर्षं १६२ च्या १६२. फर्स्ट बेसवर आहे म्हणा, कॅचर असता तर बघितलं असतं. बुमराह २०२५ ला इंग्लंडमध्ये पाचपैकी तीनच टेस्ट खेळला तेव्हा आपल्याकडेही हीच ओरड झाली होती ना.

प्रश्न : माझी दहा वर्षांची मुलगी लिटल लीगमध्ये (मुलांच्या बेसबॉल लीगमध्ये) आहे, कोच तिला सारखी बसवतो. बोलू का? (न्यू जर्सी)

उत्तर : बोला, पण मॅच संपल्यावर आणि तिच्यासमोर नको. लिटल लीगच्या नियमात प्रत्येक मुलाला मॅचमध्ये कमीतकमी एकदा बॅटिंग आणि सहा आउट होईपर्यंत फिल्डिंग मिळायला हवी असं आहे, तुमच्या लीगचं नियमपत्रक मागून घ्या. वर मोठ्यांच्या विश्रांतीचं जे पुराण लावलंय ते इथे लागू नाही. दहा वर्षांच्या पोरीला बसवून कसली आलीय विश्रांती.

आता नेपरव्हिलचा पेन्सिलवाला प्रश्न : "तो बाकावर बसून काय करतो?"

बाळा, बिया खातो हे तू पाहिलंसच. पण तो पिचरकडे बघत असतो, त्याचा हात खाली येतोय का, बॉल उंच राहतायत का, आणि इनिंग संपली की खेळणाऱ्या कॅचरच्या शेजारी बसून त्याला ते सांगतो. कधी कधी तो कॅचर नुकताच बेसवरून धावत आलेला असतो, त्याचे पॅड बांधून होईपर्यंत पिचरला दोन-चार बॉल झेलून द्यायला हाच मास्क घेऊन पळतो. आणि मॅच अटीतटीची असेल तर आठव्या इनिंगला हळूच उठून बॅटिंगचे ग्लोव्ह्ज चढवतो. पुढच्या वेळी बाबांना शुक्रवारी रात्रीची तिकिटं काढायला सांग, आणि तरीही तो बाकावर दिसलाच तर आठव्या इनिंगला त्याच्या हातांकडे बघ.