ठाणे–नवी मुंबई मार्गावर दोन परिवहन सेवांच्या बस एकत्र वेळापत्रकाने का धावत नाहीत?

मूळ कारण पैशाचं आहे. टीएमटी, म्हणजे ठाणे महापालिकेची बससेवा, १९८९ पासून; एनएमएमटी, म्हणजे नवी मुंबई महापालिकेची, १९९६ पासून. दोन्हींची तूट आपापली महापालिका भरते. त्यामुळे हद्द ओलांडली की पहिला प्रश्न येतो, शेजारच्या शहरातल्या प्रवाशासाठी आपण खर्च का करायचा?

याचा त्रास कळवा–विटावा–ऐरोली पट्ट्यात दिसतो. विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली गाड्या अडकतात, मग दोन बस पाठीला पाठ लावून येतात आणि त्यानंतर थांब्यावर नुसती माणसं. पुढची गच्च, मागची रिकामी. मुलाला कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईला बस कुठल्या पालिकेची याच्याशी काय देणंघेणं!

मला विचाराल तर आधी विलीनीकरणाचा घाट नको. सामायिक मार्गावर एकच वेळापत्रक करा: एकीची बस सुटली की दहा मिनिटांनी दुसरीची. दोन्हींकडे चालणारा एक पास, आणि उत्पन्न किलोमीटरच्या प्रमाणात वाटून घ्यायचा लेखी करार. कंट्रोलरने मात्र दोन्ही आगारांशी फोनवर बोलून बस मागेपुढे करायला हवी, नाहीतर विटाव्याच्या कोंडीत ते वेळापत्रक पहिल्याच दिवशी कोलमडेल.