जहाजावरच्या तोफेचा ‘माउंट’: गाडा, मनोरा की बैठक?

लाखांदूर तालुक्यातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे: “‘युद्धनौकेवर ३० मिमी तोफेचे दोन माउंट’ असं बातमीत वाचलं. माउंट म्हणजे नेमकं काय? त्याला तोफगाडा म्हटलं तर चालेल का?”

आज चालणार नाही, शिडांच्या काळात चाललं असतं. तेव्हा युरोपीय युद्धनौकांवरच्या तोफा खरोखरच चार बुटक्या चाकांच्या लाकडी गाड्यावर असत. बार उडाला की गाडा मागे सरके आणि जाड दोराला अडे. आताच्या छोट्या तोफेच्या बुडाशी लोखंडी कडं असतं, ते डेकला पक्कं आवळलेलं. चाकंच नाहीत तर गाडा कसला?

‘मनोरा’ही नको. तो टरेटला, म्हणजे तोफेसकट फिरणाऱ्या बंदिस्त खोलीला शोभतो. छोट्या तोफेला पुष्कळदा नुसती पत्र्याची ढाल असते, कधी तीही नसते.

माझं मत ‘बैठक’ या शब्दाला. जातं आठवा: खालचा दगड स्थिर, वरचा खुंट्याभोवती फिरतो. तोफ डावी-उजवीकडे वळते ती अशीच. वर-खाली होते ती मात्र पाळण्यामुळे. तोफ ज्या चौकटीत धरलेली असते तो पाळणा, आणि त्याच्या दोन्ही अंगांना आडवे खुंट. हे खुंट वजनाच्या तोलावर नसले तर घोटाळा होतो. बंडी मागं उलार झाली की जू बैलांच्या मानेवरून उचलतं. इथे नळीचं तोंड जड पडतं, मोटर सतत ते ओझं पेलत राहते आणि लाटेवर जहाज डोललं की नेम ढळतो. गिअरच्या दात्यांमधली ढिलाईही तशीच नडते. नेम एक मिलिरेडियन (कोनाचं अगदी बारीक माप) चुकला, तर २००० मीटरवर गोळा २ मीटर बाजूला जातो. त्यात खारं पाणी. ग्रीस धुऊन गेलं की बेअरिंग गंजतं, वळण अडखळतं.

बैठकीचं आणखी एक काम सहसा कोणी सांगत नाही: स्वतःच्याच डोलकाठीच्या किंवा केबिनच्या दिशेला नळी आली की मारा आपोआप थांबवायचा.

आता बातमीतले ‘दोन माउंट’. नौदलाच्या बोलण्यात माउंट म्हणजे बहुधा तोफेसकट अख्खा संच. रशियन बनावटीच्या एके-६३० तोफेला ३० मिमीच्या सहा नळ्या, म्हणून दोन माउंट म्हणजे बारा नळ्या. पण तोफा दोनच. अनुवादात ‘बारा तोफा’ झाल्या की बोट एकदम रणगाड्यांची पलटण वाटू लागते! एके-२३० ला दोन नळ्या. तेलंगणातल्या मेदक आयुध कारखान्यात बनणाऱ्या सीआरएन-९१ ला एकच.

‘कॅलिबर’चेही दोन अर्थ आहेत. ‘३० मिमी कॅलिबर’ हा नळीचा आतला व्यास. पण ‘५४ कॅलिबरची नळी’ म्हणजे लांबी व्यासाच्या ५४ पट: ३० मिमीला १६२० मिमी. पहिल्या अर्थी ‘व्यास’ लिहावं, दुसऱ्या अर्थी सरळ ‘लांबी’ सांगून मोकळं व्हावं.

‘बैठक’मध्ये अडचण एकच. ‘नौदलाच्या दोन बैठका’ लिहिलं की वाचणाऱ्याला चहा-बिस्किटं दिसतात. म्हणून पहिल्यांदा ‘तोफबैठक’ असा जोडशब्द लिहावा, पुढे नुसतं ‘बैठक’. संख्या सांगताना मात्र ‘३० मिमीच्या दोन सहानळी तोफा’ एवढंच पुरे, तिथे बैठकीची गरजच नाही.