भाच्याची ‘भारतीय फुटसल संघात’ निवड झाली आहे, पण 85 हजार रुपये भरायला सांगतात. अशी स्पर्धा खरी असते का?

तुम्ही लिहिलंय त्यावरून मला समजलेलं असं: भाचा 15 वर्षांचा, रत्नागिरीतल्या एका टर्फवर एका दिवसात निवड चाचणी झाली, आठवड्याभरात ‘टीम इंडिया’चं पत्र आलं, परदेशात ‘फुटसल वर्ल्ड कप’ (फुटसल म्हणजे हॉलमध्ये पाच-पाच जणांनी खेळायचा फुटबॉल) आहे आणि पंधरा दिवसांत पैसे भरायचे आहेत. गावात अभिनंदनाचा बॅनरही लागून गेलाय, त्यामुळे आता मागे कसं फिरायचं ही वेगळी पंचाईत.

स्पष्टच सांगतो, आत्ता पैसे भरू नका. मी कुडाळात मुलांना फुटबॉल शिकवतो आणि अशी पत्रं माझ्याकडेही वाचायला येतात. का कोण जाणे, आंब्याचे पैसे हातात आले की जरा जास्तच येतात.

स्पर्धा खरी असेलही. हॉल असेल, झेंडे असतील, राष्ट्रगीत वाजेल, पदकं मिळतील. ती होते की नाही हे विचारून काही हाती लागणार नाही. भाचा ज्या संघातून जाणार तो भारताचा संघ आहे का, हे विचारा. यात घोळ व्हायला फुटसलचा इतिहासही थोडा कारणीभूत आहे.

हा खेळ 1930 मध्ये उरुग्वेच्या माँटेव्हिडिओत हुआन कार्लोस सेरियानी नावाच्या शिक्षकाने बसवला. पुढे तो दक्षिण अमेरिकेत वाढला, त्याची स्वतंत्र जागतिक संघटना झाली आणि 1982 मध्ये तिने ब्राझीलमध्ये आपली विश्वस्पर्धा भरवली. फिफा, म्हणजे फुटबॉलची जागतिक संघटना, या खेळात नंतर उतरली. फिफाचा पहिला फुटसल वर्ल्ड कप 1989 चा, नेदरलँड्समधला. जुन्या संघटनेचा वारसा सांगणारी संस्था आजही आहे आणि ती आपला वेगळा वर्ल्ड कप घेते. म्हणजे ‘फुटसल वर्ल्ड कप’ हे नाव दोन घरांत चालतं, आणि त्याशिवाय खाजगी आयोजकही आपल्या स्पर्धेला बिनदिक्कत तेच नाव देतात. त्यावर कुणाचा पहारा नाही.

फिफाचा वर्ल्ड कप दर चार वर्षांनी होतो आणि 2012 पासून त्यात 24 देश असतात. 2024 चा उझबेकिस्तानात झाला, ताश्कंदच्या अंतिम सामन्यात ब्राझीलने अर्जेंटिनाला 2-1 हरवलं. 2025 पासून महिलांचाही सुरू झाला, पहिला फिलिपिन्समध्ये. दोन्ही सीनियर संघांचे. 15 वर्षांखालच्या मुलांचा फिफाचा फुटसल वर्ल्ड कप नावाची गोष्टच नाही. पत्रावर फिफाचं चिन्ह असेल तर तिथेच विषय संपला.

आणि तिथवर पोचणं काय असतं तेही बघा. भारताचा संघ अखिल भारतीय फुटबॉल महासंघ, म्हणजे एआयएफएफ, निवडतो. तो संघ आधी आशियाई चषकाची पात्रता फेरी खेळतो, त्यातून आशियाई चषक आणि मग वर्ल्ड कप. 2023 च्या ऑक्टोबरमध्ये आपला संघ ताजिकिस्तानात दुशान्बेला ही फेरी खेळायला गेला होता, पुढे जाता आलं नाही. फिफाच्या फुटसल वर्ल्ड कपात भारत अजून एकदाही खेळलेला नाही. आशियातली चढाओढच तशी आहे. 1999 ते 2024 या काळात आशियाई चषक 17 वेळा झाला, त्यातले 13 इराणने नेले, 4 जपानने, तिसऱ्या कुणाच्या हाताला तो लागलाच नाही. याच इराणने 2016 च्या वर्ल्ड कपात ब्राझीलला पेनल्टींवर घरी पाठवलं आणि मग ब्राझीलचाच नावाजलेला खेळाडू फाल्काओ याला खांद्यावर घेऊन हवेत उडवलं, कारण तो त्याचा शेवटचा वर्ल्ड कप. कधी वेळ मिळाला तर भाच्याला तो सामना दाखवा.

आता त्या चाचणीबद्दल. टर्फवर झाली असं तुम्ही लिहिलंय. आपल्याकडे पाच-पाच जणांचा खेळ म्हणजे टर्फ हे समीकरणच झालंय, पण राष्ट्रीय संघांचा फुटसल कृत्रिम गवतावर होत नाही. तो साधारण 40 बाय 20 मीटरच्या कडक, गुळगुळीत मैदानावर होतो, आणि चेंडू 4 नंबरचा, मुद्दाम कमी उसळणारा. दोन मीटरवरून सोडला तर पहिल्या टप्प्याला जेमतेम 50 ते 65 सेंटीमीटर उठतो. म्हणून मुलं तो तळव्याखाली दाबून थांबवतात, बुटाच्या टोकाखाली ओढून फिरवतात. जाळीवर आपटून चेंडू परत घ्यायची टर्फवरची सवय इथे कामाची नाही, कारण चेंडू रेषेबाहेर गेला की खेळ थांबतो आणि तो चार सेकंदांत पायाने आत टाकावा लागतो. एका हाफमध्ये एका संघाचे पाच फाउल झाले की सहाव्यापासून समोरच्या संघाला, पुढे खेळाडूंची भिंत न लावता, 10 मीटरवरून थेट मार. भाच्याला एवढंच विचारा: चाचणीत हा चेंडू होता का, फाउल कुणी मोजत होतं का? नेहमीच्या 5 नंबरच्या चेंडूने टर्फवर दोन मॅच घेऊन ‘फुटसलचा भारतीय संघ’ निवडला असेल, तर निवड कशाची झाली ते तुम्हीच ठरवा.

कागदाची बाजू सोपी आहे. महाराष्ट्रात एआयएफएफशी संलग्न संघटना म्हणजे विफा, वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन. पत्र त्यांना पाठवून विचारा. एआयएफएफकडे खेळाडूंची ऑनलाइन नोंदणी असते, भाच्याचा नोंदणी क्रमांक तरी आहे का तेही कळेल. आणि सगळ्यात साधी खूण पैशाची: महासंघाने निवडलेला खेळाडू देशासाठी खेळायला स्वतःच्या खिशातून तिकीट काढत नाही. इथे तर पैसे भरायचे ते एखाद्या माणसाच्या वैयक्तिक खात्यात का, हेही पत्रात नीट बघा.

‘सर्टिफिकेट पुढे नोकरीला उपयोगी पडेल’ असं आयोजक हमखास सांगतात. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे हे खरं, पण प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून होते, आणि मान्यता नसलेल्या संघटनेचा कागद तिथे टिकत नाही. आमच्या तालुक्यातल्या एका मुलाच्या आईने पाटल्या गहाण टाकून असेच पैसे भरले होते. पोरगा जाऊन आला, पदकही घेऊन आला. पोलीस भरतीत त्या कागदाकडे कुणी ढुंकून बघितलं नाही. पाटल्या सोडवायला पुढचे दोन हंगाम गेले.

एक मात्र खरं, पैसे भरून परदेशी स्पर्धेत खेळणं यात मुळात वाईट काही नाही. स्वीडनच्या गोथिया कपमध्ये जगभरचे क्लब नाव नोंदवून, फी भरून खेळायला जातात. पण ते स्वतःच्या क्लबच्या नावाने जातात, देशाच्या नाही. तुमची ऐपत असेल आणि पोराला जग बघायला मिळतंय एवढाच हिशोब असेल, तर सहल म्हणून पाठवा. मात्र सोबत कोण जबाबदार माणूस आहे, विमा आहे का, व्हिसा नाकारला तर किती पैसे परत मिळणार, हे लेखी घ्या. लेखी द्यायला टाळाटाळ झाली तर उत्तर मिळालंच म्हणून समजा.

बॅनरची काळजी करू नका, पहिल्या पावसात तसाही उतरेल. भाच्याला सांगायचं असेल तर चाचणीत तो चांगला खेळला एवढं नक्की सांगा, कारण ते खोटं असायचं कारण नाही. जवळ बॅडमिंटनचा हॉल किंवा शाळेचा काँक्रीटचा कोर्ट असेल तर तिथे 4 नंबरच्या चेंडूने खेळायला लावा. विफाचं उत्तर आलं की इथेच खाली लिहा, आणि पत्राचा फोटो टाकलात तर मुलाचं नाव झाकून टाका.