वास्तुप्रश्न : पार्टिशनं काढायची की ठेवायची?

प्रश्न : शुक्रवार पेठेत आमचा पणजोबांचा वाडा आहे. आजोबांनी भाडेकरू ठेवले तेव्हा सोप्यात आणि माडीवर फळ्यांची पार्टिशनं घातली. आता दुरुस्ती काढली आहे. सगळं काढून मूळ रूप आणावं, असं घरात ठरतंय. धाकटी लेक डब्लिनला शिकते. तिनं हेन्रिएटा स्ट्रीटवरच्या १४ नंबरच्या घराचे फोटो पाठवले. बाहेरून अगदी सपाट, आत लॉर्डाचा थाट, आणि भिंतींचे पोपडे मात्र तसेच ठेवलेले! असं का?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : ताई, लेकीनं फोटो अगदी वेळेवर पाठवले म्हणायचे.

आधी तो सपाटपणा. आपल्या वाड्याला चौकातून उजेड मिळतो, म्हणून रस्त्याकडची भिंत बंद ठेवली तरी चालतं. त्या घराला चौक नाही. दोन्ही अंगांच्या भिंती शेजाऱ्यांच्या घरांना लागून असल्यामुळे उजेड येणार तो फक्त पुढून आणि मागून. म्हणून खिडक्या माणसापेक्षा उंच. पाहुण्यांचे दिवाणखाने पहिल्या मजल्यावर, तिथल्या खिडक्या सगळ्यांत उंच. वर जावं तशा त्या आखूड होत जातात. दर्शनी भागाचं सौंदर्य या मापांतच आहे. बाकी पैसा आत ओतला : चुन्याचं नक्षीकाम, रुंद जिना. हे घर ल्यूक गार्डिनर यांनी १७४० च्या दशकाच्या अखेरीस बांधलं.

१८०१ पासून आयर्लंडची संसद लंडनच्या संसदेत विलीन झाली आणि उमराव मंडळी हळूहळू डब्लिन सोडून गेली. पुढे या घरात कचेरी आली, सैनिक राहिले. १८७७ मध्ये थॉमस व्हॅन्स या मालकानं घराचे १९ गाळे केले. त्यासाठी मुख्य जिनाच काढला आणि ती जागा खोल्यांना दिली. मग नोकरांच्या मागच्या जिन्यानंच सगळ्यांची चढउतार सुरू झाली. १९११ च्या जनगणनेत या एका घरात १०० माणसं नोंदली आहेत.

आता ते पोपडे. फोटोत सामाईक जिन्याच्या भिंती नीट बघा : खाली गेरूसारखा तांबडा, वर निळा. तो निळा म्हणजे कपड्यांना घालायच्या निळीचा रंग. आपल्याकडेही चुन्यात नीळ टाकून भिंती रंगवायचे, तुमच्या माडीवर अजून कुठे दिसेलही. तो रंग खरवडून लॉर्डाच्या काळातला दिला असता, तर त्या शंभर माणसांचा मागमूसही उरला नसता. हे घर २०१८ मध्ये संग्रहालय म्हणून उघडलं, ते दोन्ही काळ शेजारी ठेवून. मला हे फार मोलाचं वाटतं. कोल्हापुरात वाड्यांबद्दल बोलताना आपण सरदार, इनामदारांपर्यंत जातो आणि तिथेच थांबतो. भाडेकरूंनी त्याच सोप्यात संसार केले, पोरं वाढवली. तोही वाड्याचाच इतिहास.

म्हणून माझं मत स्पष्ट सांगतो : सगळी पार्टिशनं काढू नका. ज्या खोलीत फळी, खुंट्या, देवाचा कोनाडा, जुना रंग धडपणे टिकलाय, ती निदान एक खोली जशीच्या तशी ठेवा. न्हाणीजवळच्या ओल धरलेल्या, वाळवी लागलेल्या फळ्या मात्र खुशाल काढा. त्या जपण्यात अर्थ नाही.

काढण्याआधी एक काम करा. पार्टिशनवरच्या कड्या, म्हणजे माडीची जमीन पेलणारी आडवी लाकडं, खालून सुतळी धरून तपासा. कडी मधे बाकली असेल आणि नेमकी पार्टिशनच्या चौकटीवर टेकली असेल, तर ती चौकट आता नुसता आडोसा नाही, वरच्या पाटाईचा भार तिच्यावर आलाय. अशी चौकट टेकू न देता काढली तर माडी खाली बसेल. सुताराला आधी टेकू लावायला सांगा, मग हात घाला.

आणि तुमच्या पेठेत २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी आलं होतं. जुन्या माती-चुन्याच्या भिंतींना वरून सिमेंटचा गिलावा देऊ नका, मुरलेली ओल आतच कोंडते आणि भिंत फुगते. चुन्याचाच गिलावा घ्या, वाळायला पुरते दिवस द्या. गवंडी घाई करेल, ऐकू नका.

माडीचा नकाशा आणि कड्यांचे फोटो पाठवलेत, तर कोणती पार्टिशनं काढता येतील ते खुणा करून कळवतो.