पोळ्याच्या धांदलीत लेकराला चटका बसला तर

ताई, बैलांची सजावट, पुरणाचा स्वयंपाक आणि पाहुणे असे सारे एकदम सांभाळताना लेकराला कोपराखाली तव्याचा चटका बसला, म्हणून स्वतःला दोष देऊ नका. माझ्याही घरी हे घडले होते आणि घाबरून मी त्यावर टूथपेस्ट लावली, ती मोठी चूक होती. हळद, तूप, शाई किंवा बर्फही लावू नये.

पहिले काम एकच: भाजलेल्या भागावर साधे गार पाणी सलग 20 मिनिटे सोडावे. टँकरच्या पाण्यावर दिवस काढणाऱ्या आपल्या मराठवाड्यातील घरांना इतके पाणी ओतणे जिवावर येते, हे मी जाणते. म्हणून खाली परात ठेवून रांजणातील पाणी तांब्याने संथ धारेने सोडावे आणि साचलेले झाडांना घालावे, परंतु वेळ कमी करू नये. सूज येण्यापूर्वी हातातील कडे व दोरा काढावा, फोड फोडू नये, नंतर स्वच्छ सुती कापड सैलसर गुंडाळावे.

चेहरा, पंजा किंवा सांधा भाजला असेल, अथवा जखम लेकराच्या तळहाताहून मोठी असेल, तर पाणी सोडून झाल्यावर लगेच दवाखाना गाठावा. वाहन नसल्यास 108 ला फोन करावा. मलमाचा निर्णय डॉक्टरांवर सोडा. तोवर चूल जावेकडे सोपवून लेकराला मांडीवर घ्या.