दिवाळं काढायच्या आधी जरा थांब भावा
तीन क्रेडिट कार्डं अन् एक पर्सनल लोन थकलं म्हणून लगेच दिवाळखोरी नको. २०१६ चा नवा कायदा आपल्यासारख्याला अजून लागू नाही, कंपनीच्या कर्जाला जामीन राहिलेल्यांनाच आहे, मग सांगलीच्या जिल्हा कोर्टात १९२० च्या जुन्या कायद्यानं नादारीचा, म्हणजे दिवाळखोरीचाच, अर्ज करायचा, अन् नादार ठरलास की मालमत्ता कोर्टाच्या ताब्यात. मी फाईल घेऊन गेलेलो तेव्हा वकिलानं आधी सातबारा मागितला, नावावर वीस गुंठे बघून म्हणाला गप घरी जा, बँकेशी बोल. सेटलमेंट केली, सिबिलला, म्हणजे कर्जफेडीच्या रेकॉर्डला, 'सेटल्ड' लागलं, चालतंय. तुझ्या नावावर खरंच काही नसंल तर मात्र अर्जाचा विचार कर. आणि वसुलीवाल्यांनी संध्याकाळी सातनंतर फोन करायचा नसतो, ठणकावून सांग.